शेवटच्या पंगतीचं भाषण

कोहमाऱ्याच्या ढाब्यामागे उभ्या ट्रकांसमोर हात उंचावून एक तरुण गरजत होता, "बंधूंनो आणि भगिनींनो!"

गोंदियाची बस चुकलेल्या योगेश्वरीला हसू आवरेना.

"काऊन हसून राहिल्या?" त्यानं दरडावलं खरं, पण कान मात्र लाल झाले होते.

"एकही ट्रक टाळी वाजवेना, म्हणून!"

तो उमेंद्र. त्याचं गाव कालव्याच्या अगदी टोकाला. इटियाडोह धरणाचं पाणी वरच्या शेतांतच मुरायचं आणि यांचं उन्हाळी धान करपायचं. परवा पाटबंधारे खात्याचे मोठे साहेब गावच्या सभेला येणार होते, आणि गावानं बोलायला यालाच पुढं केलं होतं.

योगेश्वरी फुलचूरची, कॉलेजात वक्तृत्व शिकवणारी. पुढची बस येईपर्यंत शिकवते, म्हणाली. पुढची बस आली... गेली. तिच्यामागचीही गेली.

"आकडे फेकू नका, चित्र दाखवा. महत्त्वाचं ते पुन्हा पुन्हा म्हणा. आणि नेमक्या जागी थांबा — लोकांना पचू द्या."

"थांबून पाहू कुठं?"

"ओळखीच्या एका चेहऱ्याकडे."

"मंग तुमाले यावं लागन," तो म्हणाला. "गावातले चेहरे मले हसवतात जी."

ती सभेला गेली. मागच्या खुर्चीवर, पिवळी ओढणी सावरत बसली. उमेंद्र उभा राहिला.

"साहेब, लग्नात तुम्ही पहिल्या पंगतीत बसता, आमी शेवटच्या. भात येते, वरण येत नाही. औंदा आलं नाही, मागच्या साली आलं नाही, त्याच्याही मागच्या साली..."

साहेब पुढं वाकले. उमेंद्र थांबला. त्याची नजर पिवळ्या ओढणीवर गेली, आणि तिथंच राहिली. कुणीतरी माईकवर टिचकी मारून पाहिली. योगेश्वरी भुवया उडवत होती — बोला! अहो, बोला ना!

शेवटी म्हातारे बकाराम उठले. "साहेब, पोरगा रडकुंडीस आला जी! आता तरी वरण वाढा!"

मंडप हसला, साहेबही हसले. आणि हसता हसताच त्यांनी सांगून टाकलं, पाण्याची पुढची पाळी टोकाकडून सुरू होईल.

गर्दी पांगल्यावर उमेंद्र दोन चहा घेऊन आला.

"इतकं थांबतात का कुणी?" ती करवादली.

"पुढचं विसरलो."

"काऊन?"

"तुमच्याकडं पाहून राहिलो होतो न..."

वक्तृत्वाचे ढीगभर चषक जिंकलेली योगेश्वरी चहावर नुसतीच फुंकर घालत राहिली. चहा पार गार झाला, तेव्हा कुठं म्हणाली,

"बाबा रविवारी घरीच असतात. या. पण आईला घेऊन या... आणि बोलायचं काम त्यांनाच करू द्या."