काराबेल घाटातला गरम नान

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्याबाबतीत ती घडली तो तोलोगोन माझ्या बायकोचा मामा. या माणसाला कल्पनाशक्ती नावाचा अवयवच नाही. आयुष्यभर त्याने बर्फ ढकलला आणि अडकलेल्या गाड्या ओढल्या. असा माणूस काही रचून सांगेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

आणि ती रात्र नव्हती.

जानेवारीतली भर दुपार होती. काराबेल घाटात बर्फाचं वादळ सुटलं होतं आणि उजेड इतका पांढरा होता की त्या उजेडातच काही दिसत नव्हतं.

तोलोगोन घाटाच्या पायथ्याच्या चौकीत चहा पीत बसला होता. बाहेर त्याचा ट्रॅक्टर उभा होता, पुढे बर्फ सारायचं पोलादी पातं आणि टोचन लावायचा जाड दोर. थंडीचे पाच महिने तो या घाटात शहरी ड्रायव्हर उपसायचा. त्याच्या मते जगात दोन प्रकारची माणसं होती : अडकलेली आणि अडकायच्या वाटेवर असलेली. उन्हाळी टायर लावून लोक घाट चढतात. चाक फिरायला लागलं की आणखी जोरात ॲक्सिलरेटर दाबतात. खड्डा ढोपरभर झाला की फोन करतात, आणि वर विचारतात, ‘अजून किती वेळ लागेल?’

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. जावई. झानिश.

“बाबा, थोडं अडकलोय.”

“थोडं म्हणजे?”

“म्हणजे... चारही चाकं.”

“टायर कुठले आहेत?”

“दुकानदार म्हणाला, सगळ्या ऋतूंना चालतात.”

“चालतात ना. मेपासून सप्टेंबरपर्यंतच्या सगळ्या ऋतूंना!”

मागून लेकीचा आवाज आला, केंजेगुलचा. “बाबा, त्यांना नंतर बोला. पेट्रोलचा दिवा लागलाय. बाळ आहे सोबत.”

तोलोगोनने पेला खाली ठेवला.

बाळाचा चाळिसावा दिवस नुकताच साजरा झाला होता. नात पहिल्यांदाच आजोळी येत होती. इंजिन बंद पडलं की हीटर बंद. हीटर बंद झाला की त्या वाऱ्यात, त्या उंचीवर, एवढंसं बाळ...

“कुठे आहात?”

“माथा ओलांडून खाली... मोठं वळण... तिथे एक—”

फोन कटला. पुन्हा लागलाच नाही.

फाटकावर बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, होती. तोलोगोनपेक्षा वयाने मोठी, जिभेने त्याहून मोठी. तिने पलीकडच्या फाटकाशी वॉकीटॉकीवर बोलून घेतलं होतं.

“तिकडचंही फाटक बंद केलंय. वर तुझ्या जावयाशिवाय काळं कुत्रं नाही. जा आणि घेऊन ये तुझ्या नवरत्नाला.”

तोलोगोन निघाला.

पातं बर्फ कापत होतं. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मधे जेमतेम एका गाडीची वाट. वारा काचेवर मूठ मूठ बर्फ फेकत होता. इंजिनाच्या घरघरीखेरीज दुसरा आवाज नव्हता.

आणि मग वाटेच्या मधोमध...

एक गाडी उभी होती.

झानिशची नव्हे. जुनी, सोव्हिएत जमान्यातली, छपरावर बर्फाची गादी. वायपर हलत होते, सावकाश. पण इंजिनाचा आवाज नव्हता.

तोलोगोनने ब्रेक मारला आणि सवयीने शिवी हासडली.

ड्रायव्हर शेजारी येऊन उभा राहिला. कधी उतरला, दिसलं नाही. डोक्यावर उंच फेल्टची टोपी, चेहरा अगदी शांत. “बायके,” तो म्हणाला. आमच्याकडे अनोळख्यालाही थोरला भाऊच म्हणतात. “जरा ओढता का?”

“फाटक बंद असताना आलास कुठून तू?”

“आम्ही आधीपासून आहोत.”

“तेच म्हणतो! आधीपासून आहात, आणि अजून इथेच आहात!”

खरं तर त्याला थांबायचं नव्हतं. पण वाट एकच होती आणि ती या शहाण्याने अडवली होती. तोलोगोनने दोर लावला आणि ट्रॅक्टर बेताबेताने मागे घेतला. गाडी निघाली.

फार सहज निघाली. पेंढ्याची पेंडी ओढावी, तशी.

वाटेच्या रुंद जागी त्याने तिला कडेला घेतलं आणि दोर सोडायला वाकला. मागची काच खाली आली. आत पांढरा रुमाल बांधलेली एक बाई होती. मांडीवर कापड. कापडावर नान.

“घास तोडा, बायके.”

“उशीर होतोय, एजे.”

“नानाला नाही म्हणू नये.”

हे मात्र बरोबर होतं. नान पुढे केला की घाई कितीही असो, तुकडा तोडायचाच. तोलोगोनने हातमोजा काढून तुकडा तोडला.

नान गरम होता.

तंदुरातून आत्ता काढल्यासारखा. वाफ येत होती त्याला... बंद इंजिनाच्या गाडीत.

“खा,” बाई म्हणाली. “उरलेला मी ठेवते. परत याल तेव्हा.”

तोलोगोनचा हात तोंडापाशी थांबला.

कारण ही रीत त्याला ठाऊक होती. तो सैन्यात निघाला तेव्हा आईने त्याला असाच घास तोडायला लावला होता. उरलेला नान दोन वर्षं खिळ्याला टांगून ठेवला होता. ज्याने घास खाल्ला, त्याने परत यायचंच. नान वाट पाहतो. पण हे घरची माणसं करतात, निघणाऱ्यासाठी. रस्त्यावरची परकी बाई कशाला करील?

आणि परत यायचं... कुठे?

वॉकीटॉकी खरखरला. “तोलोगोन! थांबलास का रे?”

“एक गाडी ओढतोय, एजे.”

“कुठली गाडी?”

बाई त्याच्याकडेच पाहत होती. तोलोगोनने तुकडा खिशात टाकला. “हातांना डिझेल लागलंय,” तो म्हणाला. “नंतर खातो.”

तो ट्रॅक्टरवर चढला आणि वर निघाला. आरशात पाहिलं. मागे वाट होती, भिंती होत्या. गाडी नव्हती. खाली उतरली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

पुढच्या वळणावर...

तीच गाडी. त्याच्या पुढे. वाटेच्या मधोमध.

दुसऱ्या कुणाची बोबडी वळली असती. तोलोगोनला आधी संताप आला. तीस वर्षांत एकच माणूस एकाच दिवशी दोनदा अडकलेला त्याने पाहिला नव्हता. तो खाली उडी मारूनच उतरला.

“अरे, तुला लायसन्स दिलं कुणी? उतारावर सोडलं तुला, चढून कसा आलास? आणि आलास तर आलास, पुन्हा रुतलास? माझी नात वर गारठतेय, आणि मी तुलाच ओढत बसू का?”

शांत चेहरा हलला नाही. “जरा ओढता का, बायके?”

तोलोगोनने शिव्या देत दोर बांधला. बांधता बांधता त्याची नजर खाली गेली.

गाडीच्या चाकांमागे खूण नव्हती. पुढेही नव्हती. ताज्या बर्फावर गाडी अलगद ठेवल्यासारखी उभी होती.

मागची काच खाली आली. तोच नान. त्याने तोडलेली जागा तशीच. पण आता शेजारी आणखी एक घास कमी होता, चांगला मोठा. आणि कडेला, उंदराने कुरतडावं तेवढंसं काहीतरी.

“वरच्यांनी खाल्ला,” बाई म्हणाली. “तुमचाच राहिलाय.”

आता मात्र तोलोगोन धावत ट्रॅक्टरवर चढला आणि गिअर टाकला. दोर ताणला गेला. जोर लावला तसा सुटल्यासारखा सैल पडला. त्याने पुढे वाकून पाहिलं.

दोराला गाठ होती. गाठीत काहीच नव्हतं. समोर वाट मोकळी होती.

त्याने मागे पाहिलं नाही. मोठ्या वळणावर झानिशची गाडी नाक खुपसून पडलेली दिसली तेव्हा इंजिन बंद होतं. काचा आतून पांढऱ्या झालेल्या. तोलोगोनने दार ओढलं. मनाची तयारी करूनच ओढलं.

आत तिघंही ठीक होती.

“बाबा!” केंजेगुल रडायलाच लागली. “गाडी कधीच बंद पडली. त्या एजे नसत्या तर...”

“कुठल्या एजे?”

“मागे त्यांची गाडी अडकलीय ना? इथे येऊन बसल्या होत्या. गरम नान होता त्यांच्याकडे, तो बाळाच्या पायांशी ठेवला. त्यानेच ऊब राहिली. आत्ता गेल्या, तुम्ही येताय म्हणून.”

तोलोगोनने खाली पाहिलं. दाराबाहेर बर्फावर फक्त त्याच्याच बुटांचे ठसे होते.

“नान खाल्लात?”

“मी खाल्ला,” झानिश म्हणाला. “मस्त होता, बाबा.”

“तू?”

“मी बाळाला पाजत होते.”

“आणि बाळ?”

“चाळीस दिवसांचं बाळ नान खातं का, बाबा?” केंजेगुल म्हणाली, आणि बाळाचं टोपडं सारखं करायला लागली. ते आधीच सारखं होतं.

त्याने टोचन लावलं आणि तिघांना खाली आणलं. वाटेत कुणी भेटलं नाही.

खिशातला तुकडा रात्री चौकीत हाताला लागला. अजून मऊ होता.

“टाकून दे,” बुरुल एजे म्हणाली.

“नान टाकतात का कुठे?”

“मग खा.”

दोघंही तुकड्याकडे पाहत बसले. शेवटी तोलोगोनने तो दोऱ्यात ओवून भिंतीच्या खिळ्याला टांगला. तिथेच आहे. मी बोट लावून पाहिलाय... पुन्हा लावणार नाही.

इथे संपलं असतं तर बरं होतं.

पुढच्या हिवाळ्यात झानिश पुन्हा अडकला. त्याच मोठ्या वळणावर. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही. तोवर तोलोगोनने त्याला बर्फावर पकड घेणारे खिळ्यांचे टायर स्वतःच्या पैशाने घेऊन दिले होते. “घाटात काय काम होतं?” असं विचारलं की झानिश जरा विचार करायचा आणि म्हणायचा, “काहीतरी होतं.” केंजेगुल किल्ल्या लपवायची. बर्फ पडला की त्या सापडायच्या.

तोलोगोन जायचा, ओढून आणायचा. एवढीच किंमत असेल तर असू दे, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. नात जगली होती ना.

मागच्या फेब्रुवारीत पुन्हा फोन आला. “बाबा, थोडं अडकलोय.”

दुपार. वादळ. तोच पांढरा उजेड.

मोठ्या वळणावर झानिश स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. चेहरा अगदी शांत. वायपर हलत होते. इंजिनाचा आवाज नव्हता. तोलोगोनने दोर लावला आणि सरळ होतो, तर मागची काच खाली आली.

मागच्या सीटवर नात होती. बेगिमाय. चार वर्षांची. तिला कुणी आणलं होतं, कशाला आणलं होतं, झानिशला पुढे कधीच सांगता आलं नाही.

तिच्या मांडीवर कापड होतं.

“तायाता,” ती म्हणाली. आईच्या वडिलांना ती तशीच हाक मारते. “घास तोडा ना.”

नानाला वाफ येत होती.

नानाला नाही म्हणता येत नाही. नातीच्या हातातल्या तर नाहीच नाही. तोलोगोनचा हात पुढे झाला... आणि थांबला. जे सुचलं ते बोलला.

“हातांना डिझेल लागलंय, पोरी. नंतर खातो.”

बेगिमायने त्याच्याकडे पाहिलं. समजूतदारपणे, मोठ्या माणसासारखं.

“मागच्या वेळीही हेच म्हणालात.”

त्याने हे शब्द तोवर कुणालाच सांगितले नव्हते. मलाही नाही, केंजेगुललाही नाही. त्याने गाडी खाली आणली तेव्हा पोर मागे झोपली होती. कापड नव्हतं, नान नव्हता. तिच्या हातमोज्यांवर थोडं पीठ होतं. त्या संध्याकाळी केंजेगुलने रडत रडत कबूल केलं : घाटातली ती बाई तेव्हा म्हणाली होती, बाळाच्या ओठांना नान नुसता लावा, शुभ असतं. तिने लावला होता. कणभर.

तोलोगोनची निवृत्ती या वसंतात होती. त्याने अर्ज करून ती पुढे ढकलून घेतली. सरकारी खात्यात बर्फ ढकलायला दुसरं कुणी इच्छुक नव्हतं, त्यामुळे हरकतही कुणी घेतली नाही. आणि पहिला बर्फ पडला की तो हात धूत नाही. बायको ओरडते. तो चमच्याने जेवतो. नान कुणाच्याही हातून घेत नाही, स्वतःच्याही नाही.

मी परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. झानिश खिडकीपाशी उभा होता आणि केंजेगुल त्याच्या कोटाचे खिसे तपासत होती.

बेगिमायने नानाचं ताट फिरवलं. नान घरचाच होता, माझ्या डोळ्यांसमोर भाजलेला. मी तोडला. ती तोलोगोनसमोर थांबली.

त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. डिझेलने काळे.

“राहू दे, तायाता,” ती म्हणाली. “बर्फ खूप पडायचाय अजून.”