चार सेकंदांचं लिंपण

आठवण पुसायची म्हणजे माणूस कोरून काढायचा, हे आता कोल्हापुरात रिक्षावाल्यालाही ठाऊक होतं. मेंदूतली आठवण पडद्यावर उलगडायची आणि फ्रेममागून फ्रेम, नकोशा माणसाच्या कडेकडेने रेघ ओढायची, ही कोरणी. मग पडलेलं भोक आसपासच्या चित्रातून रंग उचलून बुजवायचं, हे लिंपण. सिनेमावाले दोऱ्या-तारा लपवायला वर्षानुवर्षं हेच करत आले होते. शाल्मली तिथूनच आलेली. डॉ. हेरवाडकरांच्या दवाखान्यात महिनाभर शिकल्यावर आज तिला पहिलं खरं काम मिळालं होतं.

संग्राम पोवारांची सात वर्षांची गौरा पोहण्याच्या तलावात बुडाली होती.

"दीड वर्ष झोप न्हाई मॅडम," ते म्हणाले. "डोळं मिटलं की तीच दिसतीया. सगळी काढा तिला." त्यांनी सही केली. यापुढे त्यांच्यासमोर गौराचं नाव काढायलाही कायद्याने बंदी होती.

कोरणी सुरेख झाली. उडत्या झिपऱ्यांचा केसन् केस शाल्मलीने टिपला. अडलं ते लिंपणापाशी.

"सर, हिच्या मागे काहीच नाही," ती डॉ. हेरवाडकरांना म्हणाली. "सिनेमात नट सरकला की मागची भिंत पुढच्या फ्रेममध्ये सापडते. इथे नुसतं धुकं."

"कॅमेरा सगळं टिपतो. मेंदू लक्ष असेल तेवढंच टिपतो. ती जवळ असताना बापाने दुसरीकडे पाहिलंय, असा तुकडा शोध. भलत्या आठवणीतला चालत नाही, मेंदू परका म्हणून झिडकारतो."

शाल्मलीने सात वर्षं चाळली. बारसं, गोवर, शाळेचा पहिला दिवस. हा बाप पोरीवरून नजर काढतच नव्हता! तुकडा एकच मिळाला, चार सेकंदांचा. तलावाच्या काठावर फोन वाजला होता आणि बोलता बोलता संग्राम समोरच्या निळ्या भिंतीकडे पाहत होते. ते वळले तेव्हा काठ रिकामा होता.

तिने तुकडा तिथेच थांबवला. "सर, हे तेच चार सेकंद आहेत."

"फोन वगळ, भिंत तेवढी घे. दुःख त्या पोरीच्या आकृतीला चिकटलेलं असतं. ती गेली की तेही जाईल."

शाल्मलीला हे पटलं नाही. पण बाहेर बाकावर संग्राम लाल डोळ्यांनी वाट बघत होते, आणि दुसरा रंग तिच्याकडे नव्हता. तिने सातही वर्षं त्या निळ्याने लिंपली. कुठे डाग नाही, कुठे जोड दिसत नाही. डॉक्टरांनी शाबासकी दिली.

आठवड्याने संग्राम तपासणीला आले. डोळे तसेच लाल होते.

"कोणी दिसतं का?" तिने विचारलं.

"कुणीच न्हाई. निस्ती निळी भिंत. सात वर्सं म्या भिंतीकडंच बघत हुतो बघा." त्यांनी छाती चोळली. "आन् सारखं वाटतंय, तिकडं बघायला नको हुतं. बाजूला कायतरी हुतं माझं. काय हुतं वो, मॅडम?"