कामिनीचं खातं

ज्यानं कोणी सकाळपासून तिचं काम अडवून ठेवलं होतं, त्याला सात गावांनी विष प्यालेलं चालणार होतं. मयुराला एवढं पक्कं ठाऊक होतं. फक्त त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

मे महिन्यातली दुपार, अडीचची वेळ. नागपूरच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सकाळपासून मयुरा वरच्या खोलीतून कॉलेजच्या मोठ्या संगणकावर भूजलाचं एक सॉफ्टवेअर बसवू पाहत होती आणि ते चारदा अर्ध्यातच थांबलं होतं. हा संगणक म्हणजे तळघरातली यंत्रांची कपाटंच्या कपाटं. साऱ्या विभागांना मिळून हा एकच. रसायनांच्या कारखान्यामागच्या सात गावांच्या विहिरींचे नमुने तिनं स्वतः उन्हातान्हात भरून आणले होते. पाण्यात विष कुठून उतरतं, हे गणित त्या सॉफ्टवेअरशिवाय सुटणार नव्हतं. उद्या जनसुनावणी. अहवाल आज पाचच्या आत गेला नाही, तर कारखान्याला रान मोकळं.

शेवटी ती तळघरातच उतरली. आत धूळ न्यायची नाही म्हणून दाराशी चप्पल काढली. शेजारी आणखी एक जोडी होती. निळ्या पट्ट्यांची, धुळीनं पांढरी पडलेली.

"आत कोणी आहे का, दादाजी?"

म्हातारे शिपाई डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून स्टुलावर बसले होते. "कोणी नाही. ते कामिनी मॅडमची आहे. चार वर्सं झाले."

"मग अजून ठेवली काहून?"

"अनवाणी नेली ना वं तिले. एसी बंद पडला, आत भट्टी झाली, सारे पोरं बाहेर पळाले. ही म्हणे, एवढं गणित होऊ द्या. मंग उठलीच नाही." दादाजींनी नजर वळवली. "उचलाले माह्या हातच होत नाही. तू जा, पण लवकर निंग."

आत हाडं गोठवणारा गारवा होता. पंख्यांचा एकसुरी घोंघाट, हिरव्या दिव्यांची उघडझाप. आणि त्या गारव्यात कुठून तरी तापलेल्या वायरीचा वास.

मयुरानं पाचव्यांदा सुरुवात केली. सॉफ्टवेअर लागणारे भाग एकेक करून शोधू लागलं, आणि पुन्हा त्याच जागी अडलं. एक फाइल मिळत नव्हती. ती जिथे शोधली जात होती तो पत्ता लाल अक्षरांत उमटला: कामिनीच्या खात्याचा.

तिनं तर हे नाव कुठेच लिहिलं नव्हतं. सगळं पुसून कोऱ्या फोल्डरात बसवून पाहिलं. तोच पत्ता.

तिनं ते खातं उघडलं. उघडायला नको होतं, दुसऱ्याच्या खात्याला कुलूप असतं, पण उघडलं. आत सॉफ्टवेअर तयार होतं, नीट बसवलेलं. बाजूला सात गावांची नावं. तीच सात. त्याच विहिरी. आणि एक छोटी चिठ्ठी: 'नव्यानं बसवू नको. इथलंच वापर. माझं अर्धं झालं आहे.'

चिठ्ठीची तारीख आजची होती. वेळ, दोन सत्तेचाळीस.

भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते.

टेबलावरचा फोन खणखणला. उन्मेष सर, तिचे मार्गदर्शक. "मयुरा, वर नाहीस म्हणजे खालीच असशील. ते कामिनीचं जुनं खातं दिसतंय ना? उडवून टाक. जागा होईल, मग तुझं बसेल."

"सर, तिनंही हेच गणित मांडलं होतं... तुम्ही कधी बोलला नाहीत."

"अगं, ज्यात जीव गेला त्यात हात घालू नये. तुझ्या भल्यासाठी सांगतोय. उडव."

"नाही उडवणार."

"मयुरा..."

"माझं भलं मी बघीन, सर. त्या गावांचं कोण बघतंय?"

तिनं फोन ठेवला. स्वतःचे आकडे त्या खात्यात ओतले आणि गणित सुरू केलं. पडद्यावर कामांची यादी आली. तिचं काम सर्वांत वर होतं, पण नाव तिचं नव्हतं. 'कामिनी. सुरू होऊन: चार वर्षं, अकरा दिवस.'

वायरीचा वास दाट झाला. मानेमागे गरम हवा लागली, कोणी वाकून पडद्याकडे पाहावं तशी. एसी तर चालू होता...

"बघ," मयुरा मागे न वळता म्हणाली. "बघत राहा. मीही उठणार नाही."

चार बावन्नला उत्तर आलं. सातही विहिरींच्या रेषा एकाच नाल्याशी, कारखान्याच्या भिंतीशी मिळत होत्या. तिनं अहवालावर दोन नावं घातली, कामिनीचं आधी, आणि तो धाडून दिला. पोच आली तेव्हा पाचला तीन मिनिटं होती.

दार उघडताच उन्हाची झळ तोंडावर आली. तिनं खाली पाहिलं. तिची चप्पल नव्हती. निळ्या पट्ट्यांची तेवढी होती. धूळ पुसलेली, लख्ख.

"दादाजी, माझी चप्पल?"

दादाजींनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या अनवाणी पायांकडं. आवाज खाली आणून म्हणाले, "ते तं कामिनी मॅडम घालून गेली वं... तू हे घाल. तुह्याच मापाची आहे."