तीन घंटांच्या जिभा

वाल्मिकशेठला मुरबाडात कोण ओळखत नाही? तांब्यापितळेचं दुकान, म्हशाच्या जत्रेत बैलांच्या घुंगरमाळांचा ठरलेला गाळा, आणि गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत तीन गोष्टी सांगून व्हायच्या. शाळा चौथीपर्यंत, पण नुसती टिचकी मारून कासं कोणतं नि पितळ कोणतं ते सांगायचा.

पोरगा स्वरूप रेल्वेत लागला तर डोळखांबकडच्या सासुरवाडीच्या पाड्यावर गावदेवीला तीन घंटा वाहीन, असा त्याचा नवस होता. स्वरूप लागला. कसाऱ्याला, घाटात लाईन सांभाळणाऱ्या टोळीत. नवस फेडायची वेळ आली तेव्हा शेठच्या कानावर आलं की कसाऱ्याच्या जुन्या रेल्वे वसाहतीतलं चर्च पाडणार आहेत, आणि तिथल्या तीन घंटा कुणा देवस्थानाला फुकट द्यायच्या आहेत. शेठ दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन हजर.

चर्चची मंडळी कधीच पांगली होती. किल्ली राहिली होती म्हाताऱ्या गुणाबाईकडे. तिचा सासरा तिथं घंटा वाजवायचा. आत वटवाघळांचा उग्र वास, त्याच्याखाली जुन्या मेणाचा. भिंतीकडेला तिन्ही घंटा पालथ्या ठेवलेल्या. थोरली, मधली, धाकटी. शेठनं टिचकी मारली. आवाज जमिनीतून निघाल्यासारखा लांबत गेला. अस्सल कासं. उलटून बघतो तर आत लोलक नाही. एकीलाही नाही.

"जिभा माझ्याकडं हायेत," गुणाबाई म्हणाली. "त्या नाय देनार. घंटा नुसत्या टांगा, शोभेला."

शेठला हसू आलं. म्हणाला, आमच्या म्हशाला पण हेच. बैल विकला तरी दावं द्यायचं नाय, घरची लक्ष्मी त्याच्यासंगं जाते. मग एका दाव्यापायी मोडलेला सौदा, त्या सौद्यापायी मोडलेली सोयरीक, अशी गोष्टीतून गोष्ट निघत गेली. मध्ये दोनदा म्हातारीनं तोंड उघडलं. दोनदा शेठनं हात वर केला, "मावशी, ऐका तर." घंटा टेम्पोत चढल्या तरी गोष्ट संपली नव्हती.

लोलकावाचून काय अडतंय? दुकानात बसून शेठनं स्वतः तीन नवे लोखंडी लोलक बसवले. चैत्रात गावदेवीच्या तुळईला घंटा चढल्या. पहिला टोला शेठनंच दिला.

चार दिवसांनी भर दुपारी पुजारी नवशाचा फोन आला. थोरली वाजली, म्हणे. एकच टोला. देवळात माणूस नाही, झाडाला वारा नाही. शेठनं त्याला मोहाच्या दारूवरून चिडवून घेतलं. संध्याकाळी स्वरूप घरी आला तो जेवलाच नाही. टोळीतला रघू दुपारी बोगद्याच्या तोंडाशी गाडीखाली आला होता. शेठनं मनातल्या मनात दोन्ही वेळा जुळवल्या. घंटा अर्धा तास आधीची होती.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण दर दुपारी पाड्यावर जाऊन बसू लागला. आठव्या दिवशी असाच बसलेला. ऊन पांढरं झालेलं, मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस वास साचून राहिलेला. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो तसा मधल्या घंटेचा लोलक किंचित मागं गेला… आणि एक टोला पडला.

शेठनं फोन लावून स्वरूपला लाईनीवरून खाली उतरायला लावलं. अर्ध्या तासानं स्वरूपचाच फोन आला. रडत होता. मुकादम सुनिल गेला होता.

दुसऱ्या दिवशी माणूस कमी म्हणून स्वरूपला सुट्टी मिळेना. तो कामावर गेला, आणि शेठ सकाळीच गुणाबाईच्या दारात.

"मी सांगत व्हते," ती म्हणाली. "तुमी गोष्ट सांगत व्हता."

या खेपेला शेठनं हात वर केला नाही. गुणाबाईनं सांगितलं ते असं : घाटात नवरा गेलेल्या एका मडमेनं या घंटा चर्चला दान दिल्या होत्या. लाईनीवर साहेब जावो की मजूर, त्याच्यासाठी घंटा वाजवायची, एवढीच तिची अट.

"आदी मानूस जायचा, मग घंटा. सासऱ्याच्या टायमाला उलटं झालं… आदी घंटा. दोरीला हात न लावता. ज्याच्यासाठी वाजं, त्याला एकट्याला ती ऐकू येत नसं. म्हनून जिभा काढल्या."

"मग थांबलं?"

"घंटा थांबली," गुणाबाई म्हणाली, आणि घाटाकडे बघत राहिली.

शेठ पाड्यावर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. धाकटीखाली स्टूल ठेवलं तसा नवशा आडवा आला. देवीला वाहिलेलं परत घेऊ नये, हे काय शेठला सांगायला पाहिजे?

"नवस मोडंल, शेठ. पोराची नोकरी जाईल."

"जाऊ दे," शेठ म्हणाला.

पान्यानं लोलक सुटून हातात आला. त्यानं तो घट्ट मुठीत धरला. वर धाकटी मुकी, निश्चल. तो स्टुलावरच बसला आणि त्यानं स्वरूपला फोन लावला.

"बोला, बाबा."

स्वरूपच्या आवाजामागं काहीतरी लांबत होतं. जमिनीतून निघाल्यासारखं. शेठनं हा आवाज टिचकी मारून ऐकला होता.

"स्वरूप… तिथं काय वाजतंय?"

"कुठं काय? बोगद्याजवळ हाय. सगळं शांत हाय, बाबा."

"खाली उतर. आत्ता. घरी ये."

स्वरूप आला. नोकरी सुटली. आता दुकानात गल्ल्यावर बसतो, खातोपितो, ठणठणीत आहे. शेठनं त्याचा फोन दोनदा बदलला, नंबरही बदलला. दुकानातल्या सगळ्या घंटांत चिंध्या कोंबून ठेवल्या. गोष्टी सांगायचं सोडलं. स्वरूपला फोन आला की शेठ आधी घड्याळ बघतो, आणि अर्धा तास त्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही.

कारण फोन कुणाचाही असो, भिवंडीच्या व्यापाऱ्याचा की शहापूरच्या मावशीचा, समोरचा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो :

"देवळात हायेस का रे?"