बाईजाचा आवाज

मांडवाचा उपटलेला बांबू दुसऱ्यांदा जीवनच्या कानशिलावर बसला, आणि हळदीला जमलेल्या बायकांच्या हातातली ताटं जागच्या जागी थांबली.

"आईला मुरबाडला नेऊन मारलीस," सुनिल धापा टाकत म्हणाला, "आता तिचा आवाज पन मारलास. लोकं हसली रे तिला..."

वैशाखरे गावात या दोघा भावांच्या आईने, बाईजाने, लग्नातले धवळे गायल्याशिवाय कुणाचं लग्न लागत नसे. ती गेली आणि मागे तिच्या गाण्यांची एकच कॅसेट उरली. आजारी आईला दवाखान्यात जीवनने नेलं होतं, तिथून परत आला तो तिचा देह, म्हणून थोरल्या सुनिलने त्याच्याशी बोलणंच टाकलं. तरी त्याची लेक नम्रता, आजीच्या आवाजात आपली हळद व्हावी म्हणून, घरातला जुना टेप घेऊन मुरबाडला काकाच्या दुरुस्तीच्या दुकानात आली, तेव्हा जीवनच्या अंतःकरणाला केवढी पालवी फुटली होती! ढिला पडलेला पट्टा त्याने बदलला, मोटरची गती लावली, आईचा आवाज अगदी आईचा होईपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिला... आणि आज भर मांडवात तोच आवाज चिरकत, धावत सुटला.

पहिला फटका बसण्याआधीच त्याने झाकण उघडून पाहिलं होतं. मोटरच्या भोकातला गतीचा बारका स्क्रू कुणीतरी फिरवला होता. त्याने मान वर केली, तर हळदीखालीही नम्रताचा चेहरा पांढराफटक पडलेला. मैत्रिणींबरोबर नाचायला गाणं संथ वाटलं असेल पोरीला... आणि सुनिलचा हात तिच्यावर कसा पडतो, हे जीवनने पूर्वी पाहिलं होतं.

"माझीच चूक, दादा," तो म्हणाला.

तिसरा फटका टेप वाचवायला पुढे केलेल्या उजव्या हातावर पडला. बोटं कडकन मोडली. कानातून ओघळलेलं रक्त सदऱ्यात मुरत होतं. सुनिलने लाथ घातली, जीवन उखळावर आपटला, तरी टेप त्याने पोटाशीच धरून ठेवला. बांबू पुन्हा वर गेला, तेव्हा नम्रता जीवनच्या अंगावर आडवी पडली.

"बाबा, मी फिरवला तो स्क्रू. काकांचा काय दोष नाय... मला मारा."

बांबू सुनिलच्या हातून गळला. तो भावाजवळ खाली बसला.

"तू बोलला का नायस रे?"

"तिची हळद हाय ना आज, दादा."

जीवनने डाव्या हाताने पेचकस पुढे केला. "माझी बोटं चालायची नाय. तू फिरव. उलटा... अगदी केसभर."

मारणारा हात त्या भोकाशी गेला. आवाज उतरू लागला, उतरत उतरत ठाव सापडल्यासारखा थांबला, आणि बाईजा आपल्या जड, मायाळू गळ्याने नातीची हळद गाऊ लागली. बायांनी डोळ्यांना पदर लावले.

"आता बरोबर ना रे?" सुनिलने विचारलं. जीवन काहीच बोलला नाही. पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने मान वळवून दुसरा कान पुढे केला... आणि सुनिलची नजर रक्त ओघळलेल्या कानावर खिळली.

हळद लागताच त्याने भावाला जीपमध्ये घालून मुरबाडला नेलं. डॉक्टरांनी कान तपासला, बोटं तपासली, काय झालं ते विचारलं.

"मांडवात घसरलो," जीवन म्हणाला.

"नाय." सुनिल पुढे आला. "मी मारलाय, बांबूनं. माझ्या सख्ख्या भावाला. पोलिसांना बोलवा, मी हितंच बसतो."

आणि तो दाराशी जमिनीवर बसला, गुडघ्यांत डोकं घालून, हुंदके देत. जीवनने खाली वाकून शाबूत हाताने त्याचा दंड धरला, त्याला उठवून बाकावर आपल्या ऐकू येणाऱ्या बाजूला बसवलं.

"हितून बोल, दादा," तो म्हणाला. "हितून ऐकू येतंय."