एकेचाळीस नंबरच्या फडातल्या पाच सऱ्या

ऐकीव नाही सांगत. माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत घडलंय, तेही भर दिवसा. गेल्या ऑगस्टमध्ये, बाउरू शहराजवळच्या एकेचाळीस नंबरच्या फडात.

हा मेहुणा, वाल्देनीर, एका कंपनीच्या ऊसतोडणी मशीनवर नवा होता. उसापासून इथेनॉल काढून स्वतःच्याच पंपांवर विकणारी बलाढ्य कंपनी. तीन महिने मशीन नीट चालवलं तर कायम, नाहीतर घरी. शेवटचा आठवडा उरला होता.

आणि मशीन बंद पडायला लागलं.

रोज सकाळी अकराला. रोज त्याच जागी...

तिथून ओढून बाजूला नेलं की सुरळीत. मिस्त्री सगळं उघडून बघायचा, बिघाड काहीच नाही. वायरलेसवर मुकादम ओस्मार खेकसायचा की जेवायला निमित्त शोधतोस.

वाल्देनीर नुसता धुमसायचा. सांगणार काय, कपाळ?

तिसऱ्या दिवशी वैतागून तो खाली उतरला. वारा पडलेला. पाखराचाही आवाज नाही.

ठक्... ठक्...

कोयता!

पंधरा वर्षांत त्या फडात कुणी हातानं ऊस तोडला नव्हता.

पुढे जाऊन बघतो तर... पाच सऱ्या निम्म्यापर्यंत तोडलेल्या. बुडापासून साफ, शेंड्याचे वाढे छाटलेले, ऊस ओळीनं रचलेला.

माणूस मात्र नाही.

संध्याकाळी त्यानं दोना इरासीला, वस्तीवरच्या इरासीबाईला, गाठलं. म्हातारीचा जन्म ऊसतोडीत गेलेला. तिथं एक तोडणारा उन्हानं कोसळला तो उठलाच नाही, एवढं तिनं सांगितलं.

"एका तोडणाऱ्याला पाच सऱ्या. ज्यानं धरल्या त्याच्या. दुसऱ्यानं शिरायचं नाही, बाळा. शिरलास तर ते काम तुझ्या अंगावर येतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं तेवढ्या सऱ्या सोडून बाकीचा ऊस काढला. मशीन एकदाही अडलं नाही. पण ओस्मारनं उभा ऊस पाहिला.

"भुताला वाटा ठेवलास का रे? आत्ताच्या आत्ता काप, नाहीतर उद्या येऊ नकोस."

काय करणार? त्यानं दात-ओठ खात मशीन आत घातलं.

बंद पडलं नाही. कोयताही वाजला नाही...

कायम करायचा कागद तयार झाला. फक्त डॉक्टरी तपासणी उरली.

डॉक्टरनं त्याचा उजवा हात उलटसुलट केला. तळव्याला जाडजूड घट्टे. मनगट झिजलेलं.

"किती वर्षं ऊस तोडलात?"

वाल्देनीरनं जन्मात कोयता धरला नव्हता.

"हा हात मशीनवर चालायचा नाही," डॉक्टर म्हणाला आणि 'अपात्र' लिहून सही केली.

कंपनीकडे दोन अर्ज केले. उत्तर एकच, हात आधीपासूनच खराब होता. आता घरी बसून तो सगळ्यांवर चिडतो, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

काल रविवारी गेलो होतो. त्यानं तळवा पुढे केला.

घट्टे आधीच्या रविवारपेक्षा जाड झालेत.