प्रवाळघराचे दार

इसवी सन २०७२च्या मार्गशीर्षात, देवगडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रतळावर उभारलेल्या काचघुमटात, डॉ. वामन टेंब्ये यांनी स्वतः वाढवलेल्या प्रवाळघरातील तीन महिन्यांचा अखंड निवास पूर्ण केला. परीक्षक शरयू पडते यांच्यासमोर ते बाहेर आले, की घराला मान्यता मिळणार होती. मग पाण्याखाली गेलेल्या किनारी गावांसाठी अशी घरे वाढवता येणार होती.

डॉक्टर बाहेर येईनात. आधी दारात खांदा अडकला, मग पोट.

"तत्त्व जरा समजावता?" पडतेबाईंनी विचारले.

"अवश्य," डॉक्टर आतून म्हणाले. "प्रवाळात एक चिमुकला खेकडा राहतो. मादी एका जागी बसते आणि तिच्या वावराची जागा सोडून प्रवाळ भोवती वाढते. तिच्या अंगच्या ज्या रसामुळे प्रवाळ ती जागा सोडते, तो मी ओळखला; त्याला वसतिरस म्हणतो. घरात शिरणाऱ्याने तो अंगाला लावायचा. ज्याचा जिथे वावर, तिथे त्याच्या मापाची जागा."

"ती मादी बाहेर कशी येते?"

"येत नाही. नर येतो-जातो. तो बारीक असतो." एवढे बोलून डॉक्टर थबकले.

दाराशी त्यांच्या पत्नी मनोरमाबाई डबा घेऊन उभ्या होत्या. अंगाने अगदी पाप्याचे पितर. तीन महिने त्या दारातून येणे-जाणे केवळ त्यांचे होते.

"अगं, डबा बाहेरूनच दे म्हटलं होतं मी."

"उंबरठ्यावरून देत नाहीत काही. आणि दिला असता, तर दार डब्याएवढं उरलं असतं. मग?"

"म्हणजे तत्त्व अचूक ठरलं," डॉक्टर ताठ होऊन म्हणाले. "पडतेबाई, नोंद घ्या. दोष घराचा नाही."

"मान्य. पण राहणारा बाहेर आल्याशिवाय मान्यता नाही. आणि जिवंत प्रवाळ फोडायला बंदी आहे. ते आपण होऊन मागे सरत नाही?"

"प्रवाळ फक्त वाढतं. माघार घेत नाही."

"घरमालकावर गेलंय," मनोरमाबाई म्हणाल्या.

"घर बदलणार नाही, दारही बदलणार नाही," पडतेबाई शांतपणे म्हणाल्या. "मग बदलण्याजोगं काय उरलं, डॉक्टर?"

डॉक्टरांची दृष्टी आपोआप खाली, स्वतःच्या पोटावर गेली.

मनोरमाबाईंनी एकदा दाराकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे, आणि डबा पुन्हा पिशवीत घातला.

"होळीपर्यंत नुसतं ताक," त्या म्हणाल्या.